चूक झाकणारी तबकडी : प्रस्तावना

सीडीवरचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. म्युझिक सिस्टिमवर सीडी सुरळीत वाजते. पण फाईल केली की मध्येच कुठेतरी ‘टक्’ होतं, तान तुटते, किंवा शेवटच्या ट्रॅकवर खरखर सुरू होते ती थांबतच नाही. मग बोल लागतो सॉफ्टवेअरला, ड्राइव्हला, नाहीतर सीडी विकणाऱ्याला. फाईल का बिघडली, हे शोधत माणूस रात्र घालवतो. माझ्या मते त्याने आधी उलटा प्रश्न विचारायला हवा : इतके ओरखडे असलेली ती सीडी सिस्टिमवर इतकी छान कशी काय वाजत होती?

उत्तर सीडीच्या जन्मात आहे. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचं मानक पक्कं केलं. ‘रेड बुक’ या नावाने ते ओळखलं जातं. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात सीडी आणि तिचा प्लेअर बाजारात आले. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं, आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं, हा त्याचा हिशेब. ही सगळी मापं १२ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर मधून कडेकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत बसवलेली असतात, आणि त्या रेषेच्या दोन वेढ्यांमधलं अंतर असतं १.६ मायक्रॉन. इतक्या बारीक अक्षरावर बोटाचा ठसा उमटणार, धूळ बसणार, मुलं ती फरशीवर घासणार, हे इंजिनिअरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून त्यांनी चूक होणारच असं धरून सगळी रचना केली.

त्या रचनेचा गाभा म्हणजे आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेलं गणित. संगीताच्या दर २४ बाइटांमागे ८ बाइट तपासणीचे जोडायचे, आणि शेजारशेजारची मापं तबकडीवर लांब लांब विखरून ठेवायची. ओरखडा पडला तर तो सलग एक तुकडा गिळत नाही. अनेक ठिकाणचं थोडं थोडं नेतो, आणि ते थोडं गणिताने भरून निघतं. सलग साधारण अडीच मिलिमीटर रेषा नष्ट झाली तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. अंदाज नाही, अगदी तेच आकडे.

नुकसान त्याच्या पलीकडे गेलं की प्लेअर दुसरं हत्यार काढतो. हरवलेल्या मापाच्या अलीकडचं आणि पलीकडचं माप बघून मधलं तो मनानेच भरतो. तेही जमेना झालं तर क्षणभर आवाज बंद करतो. मैफिलीत गायकाचा श्वास तुटला की पेटीवाला स्वर भरून ती फट झाकतो, आणि ऐकणाऱ्यांना पत्ता लागत नाही. साथीदार म्हणून तो गुणच. पण तीच बंदिश स्वरलिपीत उतरवून घ्यायला कोणी बसलं असेल, तर त्याला गायक काय गायला आणि पेटीने काय भरलं हे वेगळं कळलंच पाहिजे. सीडी उतरवून घेणारा माणूस त्या स्वरलिपीकाराच्या जागी असतो, आणि त्याच्यापुढचं यंत्र साथीदाराच्या सवयीचं असतं.

या पुस्तिकेचा सगळा प्रपंच एवढ्यासाठीच आहे : झाकण्याची सवय असलेल्या यंत्राकडून कबुली कशी घ्यायची. टकटक ऐकू आली तर निदान शंका तरी येते. जी चूक गुळगुळीत झाकली गेली, तिची मात्र कानाला खबरही लागत नाही.

आता पहिली ठेच. विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडली की ‘ट्रॅक०१’, ‘ट्रॅक०२’ अशा फायली दिसतात, आणि त्या थेट कॉपी करणारे आजही भेटतात. त्या प्रत्येक ‘सीडीए’ फाईलचा आकार फक्त ४४ बाइट असतो. तिच्यात गाणं नसतंच. गाणं तबकडीवर कुठे आहे एवढीच नोंद असते, आणि तीसुद्धा विंडोजने आपल्या सोयीसाठी दाखवलेली. ऑडिओ सीडीवर फायली नसतात. सेकंदाला ७५ तुकडे, प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटांचा, अशी एक अखंड धार असते.

कॉम्प्युटरची माहिती असलेल्या सीडीत याच २,३५२ बाइटांपैकी २,०४८ मजकुराला मिळतात. उरलेल्यांत तुकड्याचा पत्ता आणि चूक शोधून दुरुस्त करण्याचा आणखी एक थर असतो, कारण मजकुरात एक अक्षर बदललं तरी प्रोग्रॅम बंद पडतो. ऑडिओ सीडीत तो थर नाही. सगळी जागा संगीताला दिली. कानाला अंदाज चालतो, हा तेव्हाचा हिशेब होता आणि तो चूकही नव्हता. शिवाय तुकड्याचा नेमका पत्ता संगीतासोबत लिहिलेला नसतो. वेळेची नोंद बाजूच्या एका उपवाहिनीत असते, आणि तिच्यावरून ड्राइव्ह जवळपास पोचतो, अचूक पोचेलच असं नाही. वाचता वाचता थांबून पुन्हा सुरू करताना तो काही मापं आधी किंवा नंतर उतरला, की दोन तुकड्यांच्या जोडावर टक् ऐकू येतं. ओरखडा नसलेल्या, कोऱ्या सीडीतही येणारी टकटक जुन्या ड्राइव्हवर बहुधा ही असे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोन प्रोग्रॅम आले आणि त्यांनी हे चित्र बदललं. लिनक्सवर ख्रिस्तोफर मॉन्टगोमेरी यांचा ‘सीडीपॅरानोइया’, आणि विंडोजवर १९९८ मध्ये आंद्रे वीथॉफ यांचा ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’. दोघांचा स्वभाव एकच, संशयी. ड्राइव्हने सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही. तुकडे एकमेकांवर थोडे चढवून वाचायचे आणि जोड जुळवून बघायचा. तोच तुकडा पुन्हा वाचून दोन्ही उत्तरं ताडायची. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या ‘सिक्युअर’ पद्धतीत प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर १६ वाचनांची फेरी सुरू होते, आणि त्यांतली ८ सारखी आली तरच ते उत्तर मान्य होतं. अशा जास्तीत जास्त पाच फेऱ्या. एकच तुकडा ८२ वेळा वाचला जाऊ शकतो. म्हणूनच एखादी सीडी सहा मिनिटांत उतरते आणि दुसरी संध्याकाळभर घरघरत बसते. घाईच्या माणसाला हे बिघाडासारखं वाटतं. खरं तर इथेच काम चाललेलं असतं.

या संशयातही एक भोक आहे. बहुतेक ड्राइव्ह नुकतंच वाचलेलं स्वतःच्या स्मृतीत ठेवतात. तोच तुकडा पुन्हा मागितला की तबकडीकडे न बघता साठवलेलं उत्तर पुढे करतात, आणि दोन्ही उत्तरं अर्थातच जुळतात. साक्षीदार एकच, त्याला दोनदा विचारलं एवढंच. त्यामुळे ‘माझा ड्राइव्ह कॅश करतो’ ही खूण सेटिंगमध्ये बरोबर लावणं हे या पुस्तिकेतलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगी पान आहे. ते वगळून पुढे जाऊ नये. आयट्यून्समध्येही चूक-दुरुस्तीची एक चौकट असते. ती लावलेली बरी, पण तिच्या भरवशावर राहू नये; कोणता तुकडा संशयास्पद निघाला, याचा हिशेब ती देत नाही.

टकटक कुठून येते हे ओळखण्याची एक युक्ती मला फार आवडते, म्हणून ती इथेच सांगतो. दोष असलेली फाईल ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडावी आणि लागोपाठच्या दोन टकटकींमधलं अंतर मोजावं. सीडी नेहमीच्या वेगाने वाजताना आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला सुमारे २००. एकाच ओरखड्यावरून रेषा प्रत्येक फेऱ्यात एकदा जाते. म्हणजे सीडीवरच्या ओरखड्याची टकटक फाईलमध्ये सेकंदाच्या आठव्या भागापासून एक तृतीयांश भागापर्यंतच्या अंतराने येते : सुरुवातीच्या ट्रॅकवर दाट, शेवटच्या ट्रॅकवर विरळ. ड्राइव्हने कितीही वेगाने वाचलं तरी हे अंतर बदलत नाही, कारण ते तबकडीवरच्या जागेचं अंतर आहे.

आता तुमच्या फाईलमधली टकटक पाऊण सेकंदाला एक अशी नियमित येत असेल तर? ७८ आरपीएमची रेकॉर्ड एक फेरा ०.७७ सेकंदात घेते. म्हणजे तो ओरखडा सीडीवर नाही. ज्या लाखेच्या रेकॉर्डवरून सीडी तयार झाली, तिच्यावर तो आहे, कदाचित ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा. एलपीचा ओरखडा असेल तर अंतर १.८ सेकंद. मराठी संग्राहकाला हे माहीत असणं फार गरजेचं आहे. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, केसरबाई केरकर यांचं जे ध्वनिमुद्रण आपण सीडीवर ऐकतो, त्यातलं बरंचसं अशा रेकॉर्डवरूनच आलेलं आहे. तिथली चरचर ही सीडी वाचण्यातली चूक नव्हे. तिच्यापायी ड्राइव्ह बदलणं, सीडीला पॉलिश मारणं हा छळ आहे, स्वतःचा आणि सीडीचाही. ती चरचर नको असेल तर प्रतीवर वेगळी प्रक्रिया करा. मूळ फाईल मात्र जशी उतरली तशीच ठेवा, कारण आवाज साफ करणारे प्रोग्रॅम तबल्याच्या चाटेवरची तीक्ष्ण थाप आणि ओरखड्याची टकटक यांत नेहमीच फरक करतात असं नाही.

वाचन खरं झालं की नाही, याची सर्वांत भक्कम साक्ष दुसऱ्या माणसाकडून मिळते. ‘ॲक्युरेटरिप’ हा संग्रह हेच करतो. जगभर ज्यांनी तीच सीडी उतरवली, त्यांच्या फायलींवरून काढलेला छोटा आकडा, म्हणजे चेकसम, तिथे साठवलेला असतो. तुमचा आकडा त्यांच्याशी जुळला, तर वेगळ्या घरातल्या, वेगळ्या ड्राइव्हवरच्या, वेगळ्या प्रतीने तेच वाचलं असा अर्थ होतो. तीच चूक दोन अनोळखी ओरखड्यांनी करावी, हे जवळपास अशक्य.

मात्र त्याआधी ड्राइव्हचा ‘ऑफसेट’ भरावा लागतो. प्रत्येक जातीचा ड्राइव्ह ठरावीक मापं आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतो : कोणी ६, कोणी १०२, कोणी ६६७. ६६७ मापं म्हणजे सेकंदाचे पंधरा सहस्रांश. कानाला काहीच नाही. पण आकडा जुळवायचा तर ती दुरुस्ती हवीच. अनेक फायली ‘चुकीच्या’ ठरतात त्या केवळ यामुळे, आणि माणूस निरोगी सीडी घासत बसतो.

इथे आपली एक अडचण आहे. पाश्चात्त्य रॉकची गाजलेली सीडी टाकली तर शेकडो साक्षीदार उभे राहतात. मराठी नाट्यसंगीताची, एखाद्या छोट्या प्रकाशकाने काढलेल्या ख्यालाची, कीर्तनाची सीडी टाकली तर उत्तर येतं, ‘नोंद नाही’. त्याचा अर्थ वाचन चुकलं असा होत नाही. तुम्ही पहिले आहात, एवढाच होतो. मुंबईतल्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, आणि जिथे जाऊन दुसरी प्रत हातात घेऊन बघावी अशा जागाही उरल्या नाहीत. म्हणून आपल्या संग्रहासाठी मी सुचवतो तो मार्ग वेगळा : दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह घ्यायचे, सीडी दोन्हीवर उतरवायची आणि आकडे ताडायचे. तुमच्या इमारतीत, नात्यात, कोणाच्या तरी माळ्यावर जुना डेस्कटॉप असतोच; त्यातला जाडजूड ड्राइव्ह बरेचदा नव्या, पातळ, यूएसबीवर चालणाऱ्या ड्राइव्हपेक्षा खराब सीडी जास्त चांगली वाचतो. पातळ ड्राइव्ह वापरायचाच असेल तर तो थेट कॉम्प्युटरला लावा. वीज नसलेल्या हबमधून लावला की पुरेसा प्रवाह मिळत नाही, आणि त्याने होणाऱ्या चुका सीडीच्या माथी मारल्या जातात. जुळलेले आकडे संग्रहात पाठवायला विसरू नका. पुढच्या माणसाला पहिला साक्षीदार तुमचाच मिळेल. ‘क्यूटूल्स’चा संग्रह तर याहून पुढचं करतो : साक्षीबरोबर दुरुस्तीची सामग्रीही ठेवतो, आणि नुकसान मर्यादित असेल तर बिघडलेली फाईल त्यावरून पूर्ववत करून देतो.

सीडी धुण्या-पुसण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल कधीही नाही. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच आड येतो आणि गणित त्याला सहज पुरं पडतं. रेषेच्या दिशेने गेलेला चरा सलग कित्येक मिलिमीटर खाऊन टाकतो. टूथपेस्टचा उपाय घरोघरी सांगितला जातो. कधी कधी तो चालतोही, पण शेवटचा उपाय म्हणून, आणि चकाकत्या बाजूलाच. लोक जिवापाड जपतात ती चकाकती बाजू, आणि बेफिकिरीने हाताळतात ती लेबलची. खरी स्थिती उलटी आहे. प्रकाश परतवणारा धातूचा थर लेबलच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ पापुद्र्याआड असतो. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पारदर्शक प्लास्टिक त्याचं रक्षण करतं. वरून जवळपास काहीच नाही. लेबलवर बॉलपेनने जोरात लिहिलेलं नाव, वाचनालयाचा ओढून काढलेला स्टिकर, याने जो थर गेला तो कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथे वाचायला काही उरलेलं नाही.

काही सीडी कोणी हात न लावताही मेल्या. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या अनेक सीडी कडेपासून तांबूस होत गेल्या. लाख धातूचं नीट रक्षण करू शकली नाही आणि कव्हरच्या कागदातल्या गंधकाने काम पुरं केलं. पाश्चात्त्य अभिजात संगीत जमवणाऱ्यांनी आपल्या जुन्या सीडींची कड जरूर बघावी. बेलीझमधून आलेल्या एका सीडीतला थर बुरशीने पोखरलेला स्पॅनिश संशोधकांना आढळला होता, आणि २००१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्धही केलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात सीडींचं कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, हे सांगायला बेलीझपर्यंत जायला नको होतं, पण गोष्ट खरी आहे.

वाचन अचूक असूनही फाईल चुकीची वाटते, असे प्रकारही आहेत. सुरुवातीच्या काळातल्या काही सीडींत, विशेषतः जपानी, वरचे स्वर मुद्दाम वाढवून लिहिलेले असत, आणि प्लेअरने ते वाजवताना कमी करावेत अशी खूण असे. प्लेअर ती पाळतो. फाईल करणारे बरेच प्रोग्रॅम पाळत नाहीत. मग आवाज कर्कश, पातळ लागतो. आकडे सगळे बरोबर असतात, फक्त एक सूचना मागे राहिलेली असते. मैफिलीच्या सीडीत आलाप एका ट्रॅकमधून दुसऱ्यात अखंड जातो. त्याची एमपी३ केली की मध्ये बारीक खाच पडते. ती त्या प्रकारच्या फाईलची खोड आहे, ठरावीक लांबीचे चौकोन भरून काढण्याची, आणि फ्लॅक या फाईल-प्रकारात ती नाही. २००२ च्या आसपास काही कंपन्यांनी कॉपी रोखण्यासाठी मुद्दाम चुका पेरलेल्या तबकड्या विकल्या. सोनी बीएमजीने २००५ मध्ये तर गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये लपून बसणारा प्रोग्रॅमच पाठवला, आणि त्यावरून झालेल्या गदारोळात त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. अशी तबकडी हाती असेल तर तिच्यावर कॉम्पॅक्ट डिस्कचं नेहमीचं चिन्ह आहे का ते बघा, बहुतेकींवर नसतं.

उतरवलेलं सगळं फ्लॅकमध्ये ठेवा. तो प्रकार २००१ पासून खुला आहे, त्यात काहीही गळत नाही, आणि मूळ आवाजाचा पडताळा फाईलच्या आतच नोंदलेला असतो. दहा वर्षांनी हार्ड डिस्क कुजू लागली तर तेही त्यावरून कळतं. प्रोग्रॅमने दिलेला अहवाल, म्हणजे लॉग, त्याच फोल्डरमध्ये असू द्या. कोणत्या ड्राइव्हने वाचलं, कुठे अडखळलं, कुठे शंका राहिली, हे त्यात असतं. शंका राहिलेली फाईल टाकून देऊ नका. शंकेसकट ठेवा, चांगली प्रत मिळाली की बदला.

पुस्तिकेतली प्रकरणं छापील सीडीपासून घरी लिहिलेल्या सीडीपर्यंत अशी लावली आहेत, कारण समजायला तोच क्रम सोपा. काम करताना मात्र शेवटचं प्रकरण आधी उघडा. छापील सीडीतली अक्षरं प्लास्टिकमध्ये ठशाने उमटवलेली असतात. घरी लिहिलेल्या सीडी-आरमध्ये ती रंगाच्या थरावर लेझरने भाजलेली असतात, आणि तो रंग उजेडाने, उष्णतेने उडत जातो. गणेशोत्सवातलं गाणं, आजीच्या ओव्या, सोसायटीच्या हॉलमधली मैफल, कोणीतरी २००३-०४ साली कॅसेटवरून उतरवून दिलेलं भजन हे सगळं अशाच तबकड्यांवर आहे. त्यांची दुसरी प्रत बाजारात नाही, ॲक्युरेटरिपमध्ये साक्षीदार नाही, क्यूटूल्सकडे दुरुस्तीची सामग्री नाही. कपाटातून आधी त्या बाहेर काढा, दोन ड्राइव्हवर, कमी वेगाने उतरवा. छापील सीडी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू शकतात.